इमलाबाईची काच

ती पेशी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीवरून चक्क उठून उभी राहिले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर बाईंच्या पायाखालून उंदीर गेला असंच वाटलं असतं कुणालाही. नागपूरला शिकताना पुस्तकात तिचं चित्र कितीदा तरी पाहिलं होतं. मधलं केंद्रक काळपट, सुरकुतलेलं, मनुक्यासारखं, आणि त्याच्या भोवती स्वच्छ रिकामी पोकळी. पण पुस्तकातलं चित्र वेगळं आणि आपण स्वतः रंगवलेल्या काचेवर, शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या बाईच्या अंगातून आलेली पेशी समोर दिसणं वेगळं. मी पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. ती होतीच. विषाणू काही आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, तो फार बारीक. पण तो या घरात राहून गेलाय हे ती पोकळी ओरडून सांगत होती. कॉइलोसाइट हे तिचं पुस्तकी नाव. आम्ही लॅबमध्ये तिला ‘पोकळवाली’ म्हणायचो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, माणसांची आणि कपाटांची वाटणी झाली, ती धामधूम निवल्यावर काही वर्षांनी मी भंडाऱ्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले. काम पेशी बघण्याचं. पाहुणे विचारायचे, ‘म्हणजे रक्त-लघवी तपासतेस का?’ तर तसं नाही. गर्भाशयाचं तोंड म्हणून जो भाग असतो, त्यावरून लाकडी चपट्या काडीने अलगद पेशी खरवडून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, वाळायच्या आत स्पिरिटमध्ये बुडवायच्या. मग रंग. रंगवल्यावर काही पेशी गुलाबी होतात, काही निळसर हिरव्या, केंद्रकं जांभळी. मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगेने बघत जायचं. हजारो पेशी धडधाकट असतात. वाईट असतील त्या एखाद्या कोपऱ्यात मूठभर. आमच्या घरी हातमाग होता. बाबा कापड उजेडासमोर धरून एक तुटलेला धागा शोधायचे, तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. पुढे मी पगार घेऊन तेच करत बसले!

आता हा विषाणू करतो काय, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. गर्भाशयाच्या तोंडावर पेशींचे थर असतात, एकावर एक. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. एचपीव्ही नावाचा हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. वरच्या थराचं तो काही बिघडवू शकत नाही. पण कुठे एखादा सूक्ष्म ओरखडा असला, तर त्यातून तो थेट तळाच्या पेशीत शिरतो. तिथे गप्प बसतो. ती पेशी वर सरकू लागली की तिच्याबरोबर वर येतो, वरच्या थरात आपली पिल्लं वाढवतो आणि गळणाऱ्या पेशीबरोबर बाहेर पडतो. पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे अंगातल्या पहारेकऱ्यांना बराच काळ पत्ताच लागत नाही. केवढा हुशार! मला या गोष्टीचं भय वाटायच्या आधी नवल वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. काहींच्या अंगात मात्र त्याच्या वाईट जातींपैकी एखादी मुक्काम ठोकते. प्रत्येक पेशीत आवर घालणारी यंत्रणा असते; बिघाड झाला तर थांब, वाढू नको, असं सांगणारी. ही जात तीच यंत्रणा बंद पाडते. मग पेशी थांबायचं विसरतात. खालच्या थरातल्या कच्च्या, गर्द केंद्रकाच्या पेशी वरपर्यंत भरत जातात. तरीही बाईला काही दुखत नाही. तळाच्या थराखाली एक पातळ पडदा असतो. तो फाटून पेशी खाली उतरल्या की त्याला कॅन्सर म्हणायचं. आणि तिथपर्यंत पोचायला त्यांना बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ! एवढ्या वेळात त्यांना एकदा जरी काचेवर पकडलं, तर बाई वाचते. माझ्या सगळ्या नोकरीचा जीव या एका वाक्यात होता.

हे कळूनही हातून निसटलेल्या बाया आठवतात. भंडाऱ्यातलीच एक विणकर बाई, आमच्या माहेरच्या ओळखीची. रक्त जायला लागल्यावर आली. तिची काच रंगवली तर नुसतं रक्त आणि त्यात वेड्यावाकड्या, शेपट्या फुटलेल्या पेशी. शोधावंच लागलं नाही. तिला नागपूरला किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशन द्यायला पाठवलं, पण फार उशीर झाला होता. तिने मला विचारलं होतं, “दुखलंच नाई तं मी कायले येणार होती?” तिचं बरोबरच होतं. दुखल्यावर दवाखान्यात जायचं, हेच तर आम्ही सगळ्या शिकलेलो.

उलट असेही लोक यायचे की दिवसभर हसू पुरायचं. वरठीच्या स्टील प्लांटमधला एक कामगार मोटारसायकलवरून थेट लॅबच्या दारात. हातात हेल्मेट. बायकोची तपासणी आदल्या आठवड्यात झाली होती, तिचं सगळं चांगलं निघालं होतं.

“मॅडम, तिची केली ना तपासनी, तशी माहीबी करा.”

मी म्हटलं, “अहो, ही बायांची तपासणी आहे.”

“पन इषाणू मानसाकडूनच जाते म्हनून तुमीच सांगितलं तिले. मंग चोर सोडून घरवाल्याची झडती काहून घेता?”

पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, हे त्याला समजावताना मला वाईटच वाटलं. इतका सरळ माणूस मला त्या नोकरीत पुन्हा भेटला नाही. मी त्याला चहा पाजला. जाताना म्हणाला, “लस निघन तवा सांगजा, पोरीले आननार मी.” आज ती लस आहे. विषाणूशी गाठ पडण्याच्या वयाआधी मुलींना दिली, तर तळाच्या पेशीत शिरायच्या आधीच ती त्याला अडवते. शिरून बसलेल्याला मात्र बाहेर काढत नाही. म्हणून लस आली तरी तपासणी सुटत नाही.

आता इमलाबाई.

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ बपेरा नावाचं गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात आम्ही तपासणीचं शिबिर घेतलं होतं. आमच्या डॉक्टर मॅडम, मी आणि गावातली आशाताई. बाया आल्या, पण सगळ्या पिंपळाखाली बसून राहिल्या, आत कुणी येईना. तेव्हा मी बाहेर जाऊन थरांचं, तळाच्या पेशीचं सांगायला लागले. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात मागून एक उंच, काळीसावळी, चाळिशीची बाई बोलली.

“म्हंजे धानाच्या खोडकिड्यावानी हाये म्हना ना! वरून बांधीतलं धान हिरवंगार, अन् कीड आतून खोड खाऊन राहिली. लोंब पांढरी पडली का मंग कळते, तवा फवारून काई होत नाई.”

मी थक्क झाले. मी वर्षानुवर्षं शोधत होते ते उदाहरण तिने बसल्या जागी दिलं होतं. सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. ही इमलाबाई. नवरा दामोदर, थोडं धानाचं शेत आणि चौकात किराणा दुकान. दुकान खरं तर तीच चालवायची.

“चला मग, पहिली तुम्हीच,” मी म्हटलं.

“मी कायले? मी तं ह्या शेजारनीच्या सोबतीनं आली. मले काई होत नाई, बाई. मी बैलावानी काम करतो.”

“खोडकिड्याची गोष्ट कोणी सांगितली?”

बाया हसल्या. इमलाबाईपण हसली, पदर खोचला आणि आत गेली. तिच्या मागोमाग रांग लागली. संध्याकाळी काचांची पेटी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले, तेव्हा तुमसर कधी आलं ते कळलंच नाही.

दोन-तीन दिवसांनी इमलाबाईची काच लावली. सुरुवातीला सगळं छान, गुलाबी-निळं. मग एक पोकळवाली. मग दुसरी. मी सावध झाले आणि काच हळू सरकवू लागले. काचेच्या कडेला एक झुबका दिसला: लहान पेशी, पेशीभर पसरलेली गर्द खडबडीत केंद्रकं, एकमेकींना चिकटून. हे पुढच्या पायरीचं होतं. पण कॅन्सरच्या काचेत जी घाण, ज्या तुटक्या-फुटक्या पेशी असतात, त्या कुठेच नव्हत्या. म्हणजे पडदा बहुधा शाबूत! मी पळत मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी पेशंटला थांबवलं, येऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“वेळेवर सापडली,” त्या म्हणाल्या. “बोलवा तिला लवकर.”

आशाताईकडून निरोप आणि रिपोर्टचा कागद गेला. ठरल्या दिवशी इमलाबाई आली नाही. दुसऱ्यांदा निरोप गेला, तरी नाही. मग आशाताईचाच फोन आला. दामोदरने तुमसरच्या कुण्या ओळखीच्या कंपाउंडरला कागद दाखवला होता. तो म्हणाला, हा आजार संबंधातून येतो, आता तूच काय ते समज. त्या दिवसापासून दामोदर बायकोशी बोलत नव्हता. दुकानात तिला बसू देत नव्हता. तिला माहेरी पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या.

मॅडमनी पुढच्या रविवारी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बपेऱ्याला गेलो.

घरात शिरलो तर दामोदर खाटेवर बसलेला, मान भिंतीकडे. म्हातारी सासू ओसरीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत होती. इमलाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. शिबिरात सगळ्यांना हसवणारी बाई ती हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं. चेहरा पार उतरला होता.

दामोदरने सरळच विचारलं, “मॅडम, मले एकच सांगा. हे हिले कोठून आलं?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही. कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही. हा विषाणू अंगात कित्येक वर्षं गप्प राहू शकतो. तुमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. तुमच्याकडून आलेला असू शकतो.”

“मले तं काईच झालं नाई!”

“पुरुषांना बहुतेकदा काहीच होत नाही, म्हणून त्यांना कळत नाही. संसार करणाऱ्या बहुतेक बाया-माणसांच्या अंगात हा कधी ना कधी येऊन जातो, भाऊ. ह्यावरून कुणाची वागणूक कळत नाही. ह्यात फक्त एकच गोष्ट कळते, की आज उपचार केला तर ही बरी होईल.”

दामोदरने मान पुन्हा भिंतीकडे वळवली. हा नाही म्हणाला तर काय करायचं? हिला हाताला धरून तर नेता येणार नाही. तेवढ्यात ओसरीवरचा सुपाचा आवाज थांबला. म्हातारी उठून आत आली.

“दामोदर, तुही मावशी कायनं मेली, मालूम हाये काय तुले?”

“तिले ताप आला होता ना.”

“ताप नोहोता. तुमा लेकराइले तसं सांगितलं. तिले पांढरं जाये, मंग रगत जायले लागलं. वास येये म्हनून सासरच्याइनं कोठ्यात झोपवलं तिले, ढोराजवळ. भाकर घेऊन मी जात होती. लोकाइनं तिच्या नावानंबी असंच वाट्टेल ते म्हटलं. तिनं आपल्या नवऱ्याबिगर दुसऱ्या मानसाचं तोंड पाह्यलं नोहोतं, हे मी जानतो. कोनाले सांगू? मी बोलली नाई तवा.” ती खाटेसमोर येऊन उभी राहिली. “आता बोलतो. सूनबाई भंडाऱ्याले जाईन. तुले याचं तं ये, नाई तं मी नेतो तिले.”

मग इमलाबाईने मलाच विचारलं, अगदी हळू, “बाई, तुमीच पाह्यलं ना काचेत? कीड खाली उतरली नाई ना?”

“काचेवरून तरी नाही वाटत. अजून कुंपणाच्या आत आहे.”

“मंग मी येतो,” ती म्हणाली, नवऱ्याकडे न बघता. “दुकान मंग पाहू.”

ती आली. सासू बरोबर. आणि एसटीतून तिसरा माणूस उतरला तो दामोदर, हातात डबा घेऊन. सगळा वेळ तो दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली उभा होता. आत यायची त्याची हिंमत झाली नाही, पण परतही गेला नाही.

मॅडमनी दुर्बिणीतून तपासलं; आतलं चित्र शेजारच्या टीव्हीसारख्या पडद्यावर दिसत होतं. पातळ व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावलं. मिनिटभरात गुलाबी भागावर एक ठळक पांढरा डाग उमटला, पाण्यातून वर यावा तसा. मी हे कितीदा पाहिलं असेल, पण प्रत्येक वेळी मी पुढे वाकून बघते. अंगातली लपलेली गोष्ट डोळ्यांदेखत बाहेर येते! इमलाबाई मान वळवून पडद्याकडे बघत होती.

“तेच काय?”

“तेच.”

“काढा मंग. मुळापासून काढा,” ती म्हणाली, आणि मग पुन्हा पूर्वीची इमलाबाई होऊन म्हणाली, “अन् बांधावरचंबी जरा काढजा, मॅडम. कीड धुऱ्यावर सुटते.”

मॅडम हसल्या. भूल देऊन विजेच्या तारेच्या बारीक कडीने त्यांनी तो भाग, भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट, कापून घेतला. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून मी नागपूरला पाठवला. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. पडदा शाबूत आहे की नाही, कडा स्वच्छ आहेत की नाही, ते त्यावर ठरणार होतं. ते दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. भाजीत मीठ दोनदा पडत होतं.

रिपोर्ट आला. मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवून उभी राहिले. मॅडमनी वाचला आणि कागद माझ्याकडे फिरवला. पेशी पूर्ण थरभर बिघडलेल्या होत्या, पण पडदा कुठेही फुटला नव्हता, आणि कडा स्वच्छ होत्या. मी त्या सरकारी रंगाच्या भिंती असलेल्या खोलीत टाळ्या वाजवल्या. खरोखर. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. आशाताईला फोन लावला, तर तिने तो दुकानातच नेला. पलीकडून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं, आणि ते इमलाबाईचं नव्हतं. दामोदर होता.

काही महिन्यांनी तिला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. काच रंगवून मी ती अगदी हावरटासारखी पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोकळवाली नाही, गर्द झुबका नाही. नुसत्या चपट्या, रुंद, गुलाबी-निळ्या पेशी, मधे इवलं जांभळं केंद्रक. मला राहवेना. निकाल कळायला म्हणून इमलाबाई आणि तिची सासू बाहेर थांबल्या होत्या. मी दोघींना लॅबमध्ये बोलावलं.

इमलाबाईने डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना, मग दिसलं.

“हे मी हावो काय, बाई?”

“तुम्हीच. सगळ्या चांगल्या.”

“वाईट कोठी हाये?”

“नाही आता एकही. शोधा, सापडली तर मला दाखवा.”

तिने खरंच शोधलं. आपल्याच काचेवर, कोपरा न् कोपरा. मग बाजूला झाली आणि सासूला म्हणाली, “आत्याबाई, तुमी पाहा.”

म्हातारीने स्टुलावर बसून डोळा लावला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तोच लावला. मी तिच्यासाठी काच हळूहळू सरकवत राहिले. मला वाटलं, दिसत नसेल. मग तिने डोकं वर केलं, पदराने डोळा पुसला.

“एवढं साजरं असते आतमंदी?”

“हो, आजी.”

“मंग आमी जलमभर लाज कायची धरली व?”

इमलाबाईने सासूच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारीचं वय नेहमीच्या तपासणीच्या पलीकडे गेलं होतं, आणि उभ्या आयुष्यात तिला एकदाही कुणी तपासलं नव्हतं. मग ती उठली, चपला काढून दाराशी नीट ठेवल्या आणि मॅडमच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाली,

“चाल. माहीबी काच बनव.”